जुना लिम्फोमा आक्रमक होतो तेव्हा: उत्तर गोव्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातील ५४ वर्षांची गृहिणी. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. तपासण्या आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

साधारण तीन वर्षांपूर्वी मानेत आणि काखेत न दुखणाऱ्या गाठी आल्या. निदान फॉलिक्युलर लिम्फोमा (बी-पेशींचा, संथ वाढणारा लिम्फ ग्रंथींचा कर्करोग), ग्रेड १-२, तिसरा टप्पा. त्रास काहीच नव्हता, म्हणून दीड वर्ष औषधाविना लक्ष ठेवले. पुढे गाठी वाढल्या तेव्हा बेंडामस्टिन (केमोथेरपी) आणि रिटुक्सिमॅब (बी-पेशींवर नेम धरणारे प्रतिपिंड) यांच्या सहा सायकल दिल्या. स्कॅन स्वच्छ आले. औषधे संपल्यावर चौदाव्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, पाठ दुखू लागली. संध्याकाळी ताप यायचा, रात्री कपडे बदलावे लागतील एवढा घाम यायचा, आणि दोन महिन्यांत सात किलो वजन उतरले.

समस्या

ताप, घाम, वजनातली घट आणि गाठी म्हटले की आपल्याकडे पहिला संशय क्षयरोगाचा येतो. इथेही आला. थुंकीत काही सापडले नाही, तरी क्षयरोगाचे उपचार ‘करून बघू’ असा विचार सुरू झाला होता. तो थांबला एलडीएचच्या आकड्यामुळे. पेशी झपाट्याने वाढू-मरू लागल्या की रक्तात चढणारे हे एन्झाइम. नेहमीची वरची मर्यादा २५० च्या आसपास असते, इथे आकडा ११८० होता. दीड महिन्यापूर्वी तो २४० होता. लिम्फोमाचा जुना रुग्ण आणि इतक्या वेगाने चढणारा एलडीएच ही जोडी दिसली की पेशींनी रूप बदलले असावे असे गृहीत धरून शोध घ्यायला हवा.

फॉलिक्युलर लिम्फोमाचे आक्रमक लिम्फोमात रूपांतर होण्याचे प्रमाण दर वर्षी साधारण दोन ते तीन टक्के धरतात. बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅब सुरू केल्यापासून २४ महिन्यांच्या आत आजार उलटला, तर त्यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये कारण हेच निघते. इथे वीस महिने झाले होते. रूपांतराची शंका रास्त होती, पण ते कोणत्या जनुकीय प्रकारचे आहे हे कळल्याशिवाय औषध ठरवता येत नव्हते, आणि ते कळण्यासाठी चांगला ऊतक हवा होता. पहिल्या प्रयत्नात तो मिळाला नाही.

पहिली बायोप्सी का वाया गेली

चवथीच्या दोन दिवस आधी एका छोट्या रुग्णालयात मानेतली गाठ काढली. ती पूर्ण काढली हे योग्यच झाले. सुईने ओढलेल्या पेशींवरून, म्हणजे एफएनएसीवरून, लिम्फोमाचा प्रकार ठरवता येत नाही. पुढे मात्र तीन गोष्टी बिघडल्या.

गाठ न चिरता अख्खी एका लहान बाटलीत घातली. फॉर्मलिन ऊतकात सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो. दोन-अडीच सेंटिमीटरच्या गाठीच्या गाभ्यात ते पोचेपर्यंत तिथल्या पेशी कुजू लागतात. गाठ तीन-चार मिलिमीटर जाडीच्या कापांत चिरायची आणि ऊतकाच्या किमान दहापट फॉर्मलिन घ्यायचे, हा नियम याचसाठी आहे.

दुसरे म्हणजे फॉर्मलिन कॅनमधून काढून नळाच्या पाण्यात पातळ केलेले होते. बफर नव्हता. असे द्रावण ठेवले की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डीएनएचे तुकडे करते. योग्य द्रावण कोणत्याही प्रयोगशाळेत बनते: ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मल्डिहाइड १०० मि.ली., पाणी ९०० मि.ली., सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच सातच्या जवळ येतो. खर्च नगण्य आहे.

तिसरे, सुट्ट्यांमुळे बाटली पाच दिवस तशीच राहिली. फिशसाठी, म्हणजे चमकत्या प्रोबने तुटलेली जनुके दाखवणाऱ्या चाचणीसाठी, ६ ते ७२ तासांची मुदत धरतात आणि एक-दोन दिवस सर्वांत चांगले. त्यापुढे प्रथिने आणि डीएनए एकमेकांत इतके गुंततात की प्रोब आत शिरत नाही.

अहवालात लिहून आले: फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १-२, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींचे प्रमाण) वीस टक्के. फिशच्या खाली एकच ओळ होती, ‘संकेत क्षीण, अर्थ लावता येत नाही’.

त्याच आठवड्यात पेट-सीटी झाले. मानेतल्या उरलेल्या गाठींचा एसयूव्ही, म्हणजे त्या किती उजळतात याचा आकडा, ६ होता. पोटामागे, महाधमनीच्या बाजूला ९ सेंटिमीटरचा गोळा होता आणि त्याचा एसयूव्ही २४. मूत्रपिंडावरची डावी अधिवृक्क ग्रंथीही उजळलेली. म्हणजे सुरी जिथे सहज पोचते तिथली गाठ काढली गेली होती, आणि आजार जिथे पेटला होता तिथे कोणी हातच लावला नव्हता. एकाच शरीरात जुना संथ लिम्फोमा आणि नवा आक्रमक लिम्फोमा शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून रूपांतराची शंका असेल तर आधी पेट-सीटी आणि मग सर्वांत जास्त एसयूव्ही असलेल्या जागेची बायोप्सी, हा क्रम पाळायला हवा. एसयूव्ही १० च्या वर गेला की संशय वाढतो, पण आकडा बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही.

पहिला निर्णय: पुन्हा सुई घालायची का?

कुटुंबाचा प्रश्न सरळ होता. यजमान म्हणाले, “डॉक्टर, गाठ एकदा काढली ना? परत कशाला टोचता तिला? औषध सुरू करा.” रुग्णाला पाठ टेकवत नव्हती आणि दिवस जात होते. लक्षणांवरून रूपांतर झाले असे समजून आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपीची नेहमीची जोडणी) सुरू करणे शक्य होते, आणि अनेक ठिकाणी तसेच करतात.

टीमने दुसऱ्या बायोप्सीचा आग्रह धरला, कारण उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून होते. साधा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला तर आर-चॉप पुरेसे होते. मिक (पेशीला वाढवणारे) आणि बीसीएल-२ (पेशीला मरू न देणारे) ही दोन्ही जनुके तुटून दुसरीकडे जोडली गेली असतील तर आर-चॉपचे निकाल वाईट येतात. आणि खरोखरच क्षयरोग असता, तर केमोथेरपीने तो अंगभर पसरला असता. यजमानांना हे तीन रस्ते कागदावर काढून दाखवले. “दोन दिवसांत करतो, आणि अहवाल यायच्या आत त्रास फारच वाढला तर स्टिरॉइड देऊन वेळ काढू. पण बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड नाही,” हे स्पष्ट सांगितले. बायोप्सीआधी दिलेले स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशी विरघळवते आणि मग अहवालात मृत ऊतकाशिवाय काही उरत नाही.

सीटीच्या मदतीने १६ गेजच्या सुईने सहा तुकडे घेतले. चार बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेले आणि ते दोन कॅसेटमध्ये वाटले, म्हणजे एक ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतक) डागांच्या तपासण्यांत संपला तरी दुसरा जनुकीय चाचण्यांसाठी शिल्लक राहील. एक सलाइनमध्ये, जीन-एक्सपर्ट (क्षयरोगाची जनुकीय चाचणी) आणि क्षयरोगाच्या कल्चरसाठी. एक आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात, फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजण्यासाठी. फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यावर क्षयरोगाचे कल्चर होऊ शकत नाही, त्यामुळे ही वाटणी सुई घालण्याआधीच ठरवून बाटल्यांवर नावे लिहून ठेवली होती. चार तासांच्या आत नमुने प्रयोगशाळेत पोचले. तिथे एक चांगली सवय पाळली गेली: ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच वीस कोऱ्या स्लाइड काढून ठेवल्या. सुईचा तुकडा बारीक असतो, आणि दर वेळी ब्लॉक नव्याने यंत्रावर चढवून सपाट करताना त्यातला बराच भाग वाया जातो.

निदान

मोठ्या पेशींचे सलग थर. सीडी२०, सीडी१० आणि बीसीएल-६ सकारात्मक, एमयूएम-१ नकारात्मक, म्हणजे हान्स पद्धतीने जर्मिनल सेंटर प्रकार (जर्मिनल सेंटर ही लिम्फ ग्रंथीत बी-पेशी वेगाने विभागतात ती जागा). बीसीएल-२ नव्वद टक्के पेशींत, मिक प्रथिन सत्तर टक्के पेशींत, केआय-६७ नव्वद टक्के. टीडीटी आणि सायक्लिन डी-१ नकारात्मक. जीन-एक्सपर्टमध्ये क्षयरोग नाही.

हे वाचून थांबले तर ‘डबल एक्सप्रेसर’ एवढेच म्हणता येते, म्हणजे मिक प्रथिन ४० टक्क्यांहून आणि बीसीएल-२ पन्नास टक्क्यांहून अधिक पेशींत. डबल हिट ही वेगळी गोष्ट आहे. तिथे जनुके प्रत्यक्ष तुटलेली असतात आणि ते फिशनेच दिसते. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून चुकीचे उपचार ठरतात. फिशचा नमुना मुंबईला गेला. निकाल: मिक ७८ टक्के केंद्रकांत तुटलेले, बीसीएल-२ तुटलेले, बीसीएल-६ अखंड. मिकचा जोडीदार इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे प्रतिपिंडाच्या, जड साखळीचे जनुक (आयजीएच). जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात मिक आणि बीसीएल-२ ही जोडी स्वतंत्र आजार म्हणून ठेवली आहे, तर मिक आणि बीसीएल-६ ची जोडी त्या गटातून काढली आहे.

मिकची ब्रेक-अपार्ट प्रोब (जनुक तुटले का हे पाहणारी) नकारात्मक आली तरी थोड्या रुग्णांत तूट लपून राहते. पेशी भडक आक्रमक दिसत असतील तर मिक-आयजीएच फ्यूजन प्रोबही लावावी.

अस्थिमज्जेत मोठ्या पेशी नव्हत्या. हाडाच्या पट्ट्यांलगत फॉलिक्युलर लिम्फोमाच्या लहान पेशी मात्र होत्या. मज्जेचा तुकडा तीव्र आम्लाऐवजी ईडीटीएमध्ये मऊ केल्यामुळे त्यातून डीएनए मिळाला. ही नोंद तेव्हा गौण वाटली होती.

पेशीच्या आत काय घडले होते

एनजीएस पॅनेल, म्हणजे अनेक जनुके एकाच वेळी वाचणारी चाचणी, नव्या ऊतकावर आणि तीन वर्षांपूर्वीच्या जुन्या ब्लॉकवर, दोन्हींवर केले. जुना ब्लॉक कुटुंबाने मिळवून आणला. या तुलनेने आजाराचा इतिहास उलगडला, म्हणून ती सविस्तर मांडत आहोत.

पहिली घटना १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल. अस्थिमज्जेत बी-पेशी आपली प्रतिपिंडाची जनुके कापून जोडत असतात. त्या कामात चूक झाली की बीसीएल-२ जनुक प्रतिपिंडाच्या जोरकस नियंत्रणाखाली येऊन बसते आणि पेशी मरायला नकार देते. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही अदलाबदल असते. पण ती अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही अत्यल्प प्रमाणात सापडते आणि त्यांना लिम्फोमा होत नाही. म्हणजे एवढ्याने भागत नाही.

पुढचे बदल डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणांचे. इथेच एपिजेनेटिक्स येते: जनुकाचा मजकूर शाबूत राहतो, पण ते वाचले जाईल की मिटून राहील हे या खुणा ठरवतात. खुणा करणाऱ्या एन्झाइमांची जनुके मात्र खरोखर बदललेली असतात. या रुग्णात तीन सापडली, आणि तिन्ही जुन्या ब्लॉकमध्येही होती.

केएमटी२डी. हे हिस्टोन एच-३ च्या चौथ्या लायसिनवर मिथाइल खूण करते आणि जनुकांचे एन्हान्सर (त्यांना चालना देणारे डीएनएचे भाग) जागे ठेवते. इथे ते अर्ध्यात तुटलेले होते.

सीआरईबीबीपी. हे २७ व्या लायसिनवर ॲसिटिल खूण करते. बीसीएल-६ आणि एचडीएसी-३ मिळून ज्या जनुकांना गप्प बसवतात, त्यांना पुन्हा बोलते करण्याचे काम याचे. ते गेले की गप्प बसलेली जनुके गप्पच राहतात. त्यांत एमएचसी वर्ग २ ची जनुके आहेत, ज्यांच्या आधारे टी-पेशी रोगट पेशीला ओळखतात. म्हणजे पेशी रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेआड होते.

ईझेडएच-२. टायरोसिन ६४६ या जागी बदल, जुन्या क्रमांकनात ६४१. याचे काम त्याच २७ व्या लायसिनवर तीन मिथाइल गट चढवून जनुके मिटवणे. जर्मिनल सेंटरमध्ये बी-पेशीने वेगाने विभागावे म्हणून ते काही काळ चढे असते, आणि मग उतरायला हवे. बदललेले एन्झाइम उतरू देत नाही. पेशीला प्लाझ्मा पेशी बनवून बाहेर काढणारे पीआरडीएम-१ मिटलेले राहते, विभागणी थांबवणारे सीडीकेएन१ए-ही मिटलेले राहते. एक बारकावा असा की हा बदल नेहमी जनुकाच्या एकाच प्रतीत असतो. साधे एन्झाइम पहिली मिथाइल खूण चांगली लावते, बदललेले दुसरीवरून तिसरी चांगली लावते. दोघे मिळून काम पुरे करतात.

या तिन्हींनी मिळून पेशीला एका अवस्थेत अडकवून ठेवले: न मरणारी, न पिकणारी, ओळखू न येणारी. आजार तरीही संथच होता.

फक्त नव्या ऊतकात होते ते दोन बदल: मिकची तूट आणि सीडीकेएन२ए गमावलेले. मिक पेशीला वेगाने वाढायला लावते, पण निरोगी पेशीत मिक भरमसाट चढले तर पेशी स्वतःहून मरते. ही आत्महत्येची वाट बीसीएल-२ ने आधीच बंद केली होती. म्हणून एकेकटी असताना सोसवणारी ही दोन जनुके एकत्र आली की इतकी घातक ठरतात. सीडीकेएन२ए हा उरलेला ब्रेकही गेला होता. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे टीपी-५३ अखंड होते, ही जमेची बाजू.

आणि एक गोष्ट. जुन्या ब्लॉकमध्ये असलेला एक छोटा बदल नव्या ऊतकात नव्हता. नवा आजार जुन्या गाठीतूनच सरळ वाढला असता तर तो बदलही सोबत आला असता. याचा अर्थ दोन्ही आजार एका सामाईक पूर्वज पेशीपासून वेगवेगळ्या फांद्यांनी फुटले होते, आणि ती पूर्वज पेशी कुठेतरी अजून होती.

पर्याय

आर-चॉप सोपे आणि दर २१ दिवसांनी बाहेरून येऊन घेता येणारे, पण डबल हिटमध्ये कमी पडणारे. कोडॉक्स-एम/आयव्हॅकसारखे तीव्र उपचार ५४ व्या वर्षी, सात किलो वजन उतरलेल्या शरीराला झेपणारे नव्हते. पोलाटुझुमॅब घातलेले आर-सीएचपी खर्चामुळे आणि रूपांतरित लिम्फोमातील पुराव्याअभावी मागे पडले.

डोस-ॲडजस्टेड आर-ईपॉकवर एकमत झाले: आर-चॉपचीच औषधे इटोपोसाइडसह, बरीचशी चार दिवस सलग ठिबकत, आणि डोस दर सायकलला नव्याने ठरवून. मिक तुटलेल्या ५३ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, चार वर्षांनी सुमारे ७१ टक्के रुग्ण आजार न उलटता होते. त्यात सगळेच डबल हिट नव्हते आणि आर-चॉपशी थेट तुलनाही नव्हती, हे कुटुंबाला सांगितले. बेंडामस्टिनमुळे आधी डॉक्सोरुबिसिन वापरले गेले नव्हते, ही मोठी सोय होती.

एनजीएसचा अहवाल पाहून मुलीने विचारले, “ईझेडएच-२ वर गोळी आहे असे वाचले. ती आईला का नको?” टॅझेमेटोस्टॅटला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली ती उलटलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमासाठी. मिक पेटलेल्या आजारात पहिल्या फळीला ती घालण्याला आधार नाही. ईझेडएच-२ ने पेशीला अडकवले होते, पळवत होते मिक. आधी पळणारीला आवरायचे होते. कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार), म्हणजे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजूर झालेले नेक्सकार-१९, आजार उलटल्यास हाताशी राहील म्हणून नोंदवून ठेवले.

पैशाचा हिशेबही याच टेबलावर झाला. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांचे संरक्षण आहे. बायोसिमिलर (मूळ औषधाच्या तोडीचे) रिटुक्सिमॅब घेतले. एनजीएसचा खर्च कुटुंबाने स्वतः केला, आणि तो पहिल्या निर्णयासाठी आवश्यक नाही, फिश आहे, हे त्यांना आधीच सांगितले होते.

उपचार

सुरू करण्याआधीच्या तपासण्यांत एक त्रुटी उघड झाली. पहिल्या रिटुक्सिमॅबच्या वेळी हिपॅटायटिस बी साठी फक्त एचबीएसएजी (चालू संसर्गाची खूण) पाहिले होते. आता अँटी-एचबीसी (होऊन गेलेल्या संसर्गाचीही खूण) सकारात्मक आले, विषाणूचा डीएनए शून्य. जुना दबलेला संसर्ग रिटुक्सिमॅबने उसळून यकृत निकामी होऊ शकते. विषाणूला दाबणारे एंटेकॅव्हिर ०.५ मि.ग्रॅ. रोज उपाशीपोटी सुरू केले, रिटुक्सिमॅब संपल्यावर किमान वर्षभर चालू ठेवण्यासाठी.

गोळा मोठा, एलडीएच चढलेला, म्हणून पेशी एकदम फुटून मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका होता. जी६पीडी हे रक्तपेशींतले एन्झाइम तपासले आणि ते सामान्य असल्याची खात्री झाल्यावरच युरिक ॲसिड मोडणारे रासब्युरिकेज ३ मि.ग्रॅ. दिले, कारण जी६पीडी कमी असलेल्यांत त्याने रक्तपेशी फुटतात. त्यानंतर युरिक ॲसिडचा नमुना बर्फात न्यावा लागतो. नाहीतर औषध नळीतही काम करत राहते आणि आकडा खोटा कमी येतो. पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम दर आठ तासांनी पाहिले.

शरीराचे क्षेत्रफळ १.५ चौ.मी. पहिल्या दिवशी रिटुक्सिमॅब. पहिले चार दिवस सलग ९६ तास, दंडातून मोठ्या शिरेत नेलेल्या पीआयसीसी नळीतून, रोज नवी पिशवी: इटोपोसाइड ७५ मि.ग्रॅ., डॉक्सोरुबिसिन १५ मि.ग्रॅ., व्हिन्क्रिस्टिन ०.६ मि.ग्रॅ., तिन्ही ५०० मि.ली. सलाइनमध्ये. इटोपोसाइड दाट झाले तर स्फटिक बनतात, म्हणून डोस वाढून दिवसाला १५० मि.ग्रॅ. ओलांडला तर एक लिटर घ्यावे. पाचव्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ११२५ मि.ग्रॅ. पाचही दिवस प्रेडनिसोलोन ९० मि.ग्रॅ. दोनदा. सहाव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी वाढवणारे जी-सीएसएफ. व्हिन्क्रिस्टिन एका सायकलला एकूण २.४ मि.ग्रॅ. होते. दोन मि.ग्रॅ.ची नेहमीची मर्यादा या पद्धतीत लावत नाहीत, आणि फार्मसीत ती सवयीने लावली जाण्याची शक्यता असते.

मेंदूत आजार जाण्याचा धोका मोजणारा सीएनएस-आयपीआय ४ आला: एलडीएच, चौथा टप्पा, अंथरुणाला खिळलेली अवस्था आणि अधिवृक्क ग्रंथी. पाठीच्या पाण्यात पेशी नव्हत्या. तिसऱ्या सायकलपासून मेथोट्रेक्सेट १२ मि.ग्रॅ. कण्यात देण्याचे ठरले. त्याचा फायदा कितपत याचा पुरावा कमजोर आहे, पण धोका दहा टक्क्यांच्या घरात असताना ते टाळणे टीमला पटले नाही. ही सुई वेगळ्या खोलीत दिली गेली, जिथे व्हिन्क्रिस्टिनची सिरिंज कधीच आणली जात नाही. व्हिन्क्रिस्टिन कण्यात गेले तर माणूस दगावतो.

दुसरा निर्णय: डेंगी की औषध?

या पद्धतीचा गाभा म्हणजे आठवड्यातून दोनदा रक्त तपासून पुढचा डोस ठरवणे. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेलेच नाहीत तर पुढे २० टक्के वाढ, तीन किंवा अधिक वेळा गेले तर २० टक्के घट, प्लेटलेट २५,००० च्या खाली गेले तरीही घट. रक्त डिचोलीतच घेतले जायचे आणि मुलगी अहवाल फोनवर पाठवायची. पहिल्या सायकलमध्ये न्यूट्रोफिल ७०० च्या खाली उतरले नाहीत, म्हणून दुसरी सायकल २० टक्के वाढवून दिली.

त्या सायकलच्या दहाव्या दिवशी ताप १०२. न्यूट्रोफिल ३००, प्लेटलेट १८,०००. तासाभरात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू झाले. महिना ऑक्टोबरचा होता, वाड्यावर दोघांना डेंगी झाली होती. डेंगीची एनएस-१ चाचणी सकारात्मक आली. रक्तस्राव नव्हता, पण ताप असल्याने प्लेटलेटची एक पिशवी दिली. डेंगी सापडला तरी न्यूट्रोफिल ५०० च्या वर येईपर्यंत अँटिबायोटिक थांबवले नाही.

नियमाप्रमाणे तिसऱ्या सायकलचा डोस कमी व्हायला हवा होता. पण प्लेटलेट औषधाने पाडले की डासाने? डोस विनाकारण घटवला तर वेगवान आजाराला संधी मिळते. घटवायला हवा असताना तोच ठेवला तर रुग्ण पुढच्या वेळी दगावू शकते. पहिल्या सायकलला प्लेटलेट ९५,००० च्या खाली गेले नव्हते. २० टक्के वाढीने ते १८,००० वर येणे अशक्य नसले तरी अवघड होते. टीमने डोस न वाढवता, न घटवता तोच ठेवला आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर येईपर्यंत नऊ दिवस थांबली. तिसऱ्या सायकलचा तळ ६१,००० निघाला. अंदाज बरोबर ठरला, पण तो अंदाजच होता. टीममधल्या एका सदस्याने डोस एक पायरी खाली घ्यावा असे मत लेखी नोंदवले होते, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता.

परिणाम

चौथ्या सायकलनंतर पेट-सीटीत डोविल ३ (गाठी किती उजळतात याची १ ते ५ श्रेणी, कमी तेवढे चांगले), सहाव्यानंतर डोविल २, म्हणजे पूर्ण प्रतिसाद. स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करावे का यावर चर्चा झाली. आर-ईपॉकने पूर्ण प्रतिसाद मिळालेल्यांना त्यातून स्पष्ट जादा फायदा दिसलेला नाही, म्हणून केले नाही.

अकराव्या महिन्यात मानेत पुन्हा दीड सेंटिमीटरची गाठ आली. घरात सगळ्यांचे धाबे दणाणले. एलडीएच २१० होता, एसयूव्ही ५. तरीही बायोप्सी झाली, या वेळी नीट. अहवाल: फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १-२. बीसीएल-२ तुटलेले, मिक अखंड. सीआरईबीबीपी, केएमटी२डी, ईझेडएच-२ तिन्ही बदल जागेवर.

डबल हिटची फांदी छाटली गेली होती, पूर्वज पेशींचा साठा टिकून होता. केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशी मारते, सावकाश जगणाऱ्या पेशी तिच्यातून सुटतात. उपचारांआधी मज्जेत दिसलेल्या त्या लहान पेशी आता गौण राहिल्या नव्हत्या.

काय वेगळे करता आले असते

पेट-सीटी बायोप्सीच्या आधी झाले असते तर सुमारे दोन आठवडे वाचले असते. लहान रुग्णालयांत बफर्ड फॉर्मलिनच्या भरलेल्या बाटल्या आणि ‘गाठ चिरून घाला, तारीख-वेळ लिहा’ एवढी चिठ्ठी ठेवणे पुरेसे आहे. लांब सुट्ट्यांच्या तोंडावर बायोप्सी करायची तर नमुना त्याच दिवशी उघड्या असलेल्या प्रयोगशाळेत जाईल याची सोय आधी व्हावी.

हिपॅटायटिस बी च्या दोन्ही चाचण्या पहिल्याच रिटुक्सिमॅबच्या आधी व्हायला हव्या होत्या. काही अघटित घडले नाही, एवढेच.

जुन्या ब्लॉकचे एनजीएस नव्याबरोबरच करण्याचा आग्रह कुटुंबाच्या खिशाला जड होता. पहिल्या उपचारात त्याने काहीही बदलले नाही. त्याचा उपयोग आता होतो आहे. पुन्हा असे प्रकरण आले तर फिश ताबडतोब करून डीएनए काढून साठवावा आणि पॅनेल आजार उलटल्यावर करावे, असे आमचे मत बनले आहे. त्यासाठी ब्लॉक जपलेले असायला हवेत.

ऑक्टोबरात, डेंगीच्या हंगामात, प्रत्येक सायकलच्या आधी एनएस-१ साठी थोडे रक्त राखून ठेवले असते तर डोसचा वाद कमी झाला असता.

सध्याची स्थिती

औषधे संपून वीस महिने झाले आहेत. गाठ दोन सेंटिमीटरची आहे, त्रास नाही, औषध नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि एलडीएच होतो. गाठी सावकाश वाढून त्रास देऊ लागल्या तर लेनालिडोमाइड आणि रिटुक्सिमॅब हा पहिला पर्याय. त्यानंतर टॅझेमेटोस्टॅटचा विचार होईल. ईझेडएच-२ बदललेल्या फॉलिक्युलर रुग्णांत त्याला ६९ टक्के प्रतिसाद मिळाला होता, बदल नसलेल्यांत ३५ टक्के. औषध बाहेरून मागवावे लागेल, म्हणून कागदपत्रे तयार ठेवली आहेत. एलडीएच झपाट्याने चढला, ताप-घाम परत आला किंवा एखादीच गाठ बाकीच्यांना सोडून वाढू लागली, तर आधी पेट-सीटी आणि सर्वांत उजळ जागेची बायोप्सी. तिन्ही वेळचे ब्लॉक क्रमांकासह कुटुंबाच्या फाइलमध्ये नोंदलेले आहेत.